परदेशी पुरवठादार की परदेशात स्वतःचा कारखाना? कंपन्या हे ठरवतात तरी कसं?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी एका कंपनीत कॉस्टिंगला आहे. आमच्या मालातला एक भाग गेली सहा वर्षं दुसऱ्या देशातला एक पुरवठादार बनवून देतो. आता वरून फर्मान आलंय की त्याच देशात आपली उपकंपनी काढून तो भाग स्वतःच बनवायचा का, ते तपासा. प्रेझेंटेशन झालं. दोन कॉलम, 'विकत' आणि 'स्वतः', खाली नगामागे खर्च. फरक इतका किरकोळ की चलनाचा दर जरा हलला तर उलटा होईल. तरी दीड तास त्या फरकावरच काथ्याकूट चालला होता.

मला राहून राहून वाटतंय की खरा प्रश्न त्या तक्त्यात नाहीच. परदेशात बनवायचं हे ठरलेलंच आहे. मजुरी तीच, वीज तीच, बंदर तेच. मग मालक आपण असलो काय नि दुसरा असला काय, फरक पडतो तो नेमका कुठे? कोणी हे जवळून पाहिलंय का?

खटपट्या:
स्वस्त मिळेल तिथून घ्यायचं. धागा संपला, चला घरी.

मध्यमपदलोपी:
खटपट्याभाऊ, इतकं सोपं असतं तर नायकी आणि सॅमसंग एकाच रस्त्याने गेल्या असत्या. नायकीचे जवळजवळ सगळे बूट दुसऱ्यांच्या कारखान्यांत बनतात. सॅमसंगने मात्र व्हिएतनाममध्ये स्वतःचे प्रचंड कारखाने उभारले आणि फोन तिथे स्वतः बनवते. दोघींनाही स्वस्तच हवं होतं.

निळी_शाई, तुम्ही प्रश्न नेमका मांडलात. 'देशात की परदेशात' हा एक प्रश्न आणि 'आपलं की परक्याचं' हा दुसरा. वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट आउटसोर्सिंग म्हणून मोकळी होतात. दुसरा प्रश्न जुना आहे. रोनाल्ड कोस हा अर्थशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये विद्यार्थी म्हणून अमेरिकेतले कारखाने बघत हिंडला. बाजारात सगळं विकत मिळतं तर मग कंपनी नावाची गोष्ट असतेच कशाला, हा त्याचा प्रश्न. १९३७ च्या लेखात त्याने उत्तर दिलं की बाजारातून घेण्यालाही खर्च येतो. माणूस शोधा, घासाघीस करा, करार लिहा, मग तो पाळला जातो का बघा. तुमच्या तक्त्यात हा खर्च कुठे आहे?

निळी_शाई:
नाही. 'इतर' नावाची एक ओळ आहे. त्यात कुरिअरसुद्धा आहे.

जुना_स्टोअरकीपर:
'इतर'मध्येच सगळं महाभारत असतं, ताई.

माझी तीस वर्षं स्टोअर आणि खरेदीत गेली. एक अनुभव सांगतो. आमचा एक प्लॅस्टिकचा भाग बाहेरच्या देशातून यायचा. मोल्डचे, म्हणजे साच्याचे पैसे आमचे, पण मोल्ड त्या पुरवठादाराच्या, म्हणजे व्हेंडरच्या शेडमध्ये. तीन वर्षांचा दर बांधलेला. दुसऱ्या वर्षी आमच्या डिझाइनवाल्यांनी एक खाच बदलली. एवढीशी खाच. करारात ती नव्हती. व्हेंडरने बदलाचा जो आकडा पाठवला तो बघून आमच्या साहेबांनी चष्मा पुसून परत बघितला. दुसरीकडे जावं तर मोल्ड उचलून न्यायचे, नमुने, मंजुरी, चाचण्या. सहा महिने लाइन कोण बंद ठेवणार? अडला हरी... पुढचं तुम्हाला माहीत आहे. दिले पैसे.

आता याची दुसरी बाजू. ही मला निवृत्त झाल्यावर कळली, कामावर असताना कळूनही कळली नव्हती म्हणा. त्याच व्हेंडरने आमच्या भागासाठी एक खास मशिन कर्ज काढून घेतलं होतं. ते दुसऱ्या कोणाच्या कामाचं नव्हतं. आणि पहिल्याच वर्षी आम्ही मागणी अर्ध्यावर आणून वर त्याच्याकडे सूट मागितली होती. करारात दर होता, नगांची हमी नव्हती. म्हणजे पहिलं नाक आम्हीच दाबलं होतं. खाचेच्या वेळी त्याने वसुली केली.

खटपट्या:
काका, म्हणजे दोघंही हरी आणि दोघंही गाढव.

गणकयंत्र:
स्टोअरकीपरकाकांनी जे सांगितलं त्यावर ऑलिव्हर विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञाला २००९ चं नोबेल आहे. एखादं यंत्र, साचा किंवा कौशल्य एकाच गिऱ्हाइकापुरतं असलं की अडवणुकीची भीती दोन्हीकडून येते. करार काही सगळं लिहून ठेवू शकत नाही. अशा वेळी दोन्ही धंदे एका मालकीखाली आणावेत, म्हणजे भांडण मिटतं, असा साधारण सूर.

याचं ठरलेलं उदाहरण जनरल मोटर्स आणि फिशर बॉडी. १९१९ मध्ये मोटारींच्या बॉडीसाठी दहा वर्षांचा करार झाला, दर खर्च अधिक १७.६ टक्के. त्याच वेळी जीएमने फिशरचे ६० टक्के शेअर घेतले. पुढे गोष्ट अशी सांगितली जाते की फिशरने खर्च फुगवला, जीएमच्या कारखान्याजवळ कारखाने काढायला नकार दिला, म्हणून १९२६ मध्ये जीएमने उरलेली कंपनीही गिळली.

मध्यमपदलोपी:
आणि ती गोष्ट बहुधा खरी नाही! वयाच्या नव्वदीला टेकलेल्या कोसने २००० साली लेख लिहून सांगितलं की कागदपत्रांत अशा अडवणुकीचा पुरावा सापडत नाही. त्याच वर्षी आणखी काही संशोधकही तिथेच पोचले. उदाहरण इतकं सोयीचं होतं की वीसेक वर्षं फारसं कोणी खणून बघितलं नाही.

गणकयंत्र:
मान्य. उदाहरण पडलं तरी तत्त्व पडत नाही. काकांचा मोल्ड आहेच की.

रिकामटेकडी:
थांबा थांबा. 'एका मालकीखाली आणा म्हणजे भांडण मिटतं' हे ज्याने लिहिलं त्याने कॅप्टिव्ह युनिटमध्ये एक दिवस काढलेला नाही.

मी नऊ वर्षं अशाच एका युनिटमध्ये होते. परदेशी कंपनीची शंभर टक्के उपकंपनी. हेड ऑफिसला आम्ही म्हणजे आपला बाब्या. माल उशिरा गेला तरी ऑर्डर येणारच, हे मॅनेजरपासून शिकाऊ पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक. बाहेरच्या पुरवठादाराने तसा उशीर केला असता तर डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, हातात पडली असती. आम्हाला फक्त एक चिडका ईमेल यायचा, त्यालाही आम्ही 'नोंद घेतली' असं उत्तर द्यायचो.

पण खरी गंमत वेगळीच. आमच्या एका फोरमनने जोडणीची एक पायरी वाचवायची युक्ती काढली होती. छान होती. वर पाठवली. हेड ऑफिसने ती उचलून बाकीच्या सगळ्या युनिटांना लावली आणि आमच्या युनिटचं उद्दिष्ट तेवढ्याने वाढवून ठेवलं. फोरमनला एक प्रशस्तिपत्र. त्यानंतर त्याने एकही युक्ती वर पाठवली नाही. मला दाखवायचा मात्र हौसेने. तोच माणूस स्वतंत्र व्हेंडर असता तर त्या युक्तीवर त्याने भाव तरी पाडून घेतला असता.

वाचवलेल्या खर्चाचा आकडा सगळे काढतात. न पाठवलेल्या युक्त्यांचा कोण काढतं?

जुना_स्टोअरकीपर:
+१. फोरमनचं वाचून वाईट वाटलं. असे आमच्याकडेही होते.

मध्यमपदलोपी:
रिकामटेकडी, तुमचा फोरमन म्हणजे ग्रॉसमन आणि हार्ट या अर्थशास्त्रज्ञांचा १९८६ चा अख्खा लेख आहे! (ऑलिव्हर हार्टला २०१६ चं नोबेल.) त्यांचं म्हणणं असं: मालकी म्हणजे करारात जे लिहिलेलं नाही तिथे शेवटचा शब्द कोणाचा, एवढंच. पुरवठादार विकत घेतलात तर तो शब्द तुमचा होतो, पण त्याच क्षणी त्याचा जातो. मग तो जीव ओतेल कशाला? भांडण मिटत नाही, त्यात कोणाची बाजू वरचढ ते बदलतं.

म्हणून विचारायचं ते असं की या वस्तूत कोणाचा जीव ओतलेला जास्त मोलाचा आहे. हेड ऑफिसचं संशोधन, भांडवल, ब्रँड मोठं असेल तर मालकी हेड ऑफिसकडे. पुरवठादाराच्या डोक्यावर नि हातावर जास्त अवलंबून असेल तर त्याला स्वतंत्र ठेवा.

पोल आंत्रास या अर्थशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हेच व्यापाराला लावलं. भांडवल जास्त लागणाऱ्या मालाची आयात बरीचशी कंपनीच्या आतल्या आत होते, मजुरी जास्त लागणाऱ्या मालाची परक्या पुरवठादारांकडून. त्याच्या आकडेवारीत अमेरिका स्वित्झर्लंडमधून जी आयात करते त्यातली ६४ टक्के कंपनीच्या एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी होती. इजिप्तच्या बाबतीत हाच आकडा ०.१ टक्का. एका टोकाला रसायनं-औषधं, दुसऱ्या टोकाला कापड.

खटपट्या:
म्हणजे औषधवाल्यांचा घरजावई आणि कापडवाल्यांचा गडी.

शून्यप्रहर:
घरजावई तरी कशासाठी ठेवतात ते कोणी बोलत नाहीये. फोरमनचा जीव वगैरे ठीक आहे. खरं कारण टॅक्स! स्वतःच्याच उपकंपनीकडून घेतलं की भाव आपणच ठरवायचा आणि जिथे कर कमी तिथे नफा दाखवायचा. स्वित्झर्लंडचे ६४ टक्के का, ते आता बघा. परक्या व्हेंडरबरोबर ही चलाखी जमत नाही. बाकी सगळी थिअरी प्राध्यापकांची पोटं भरायला.

गणकयंत्र:
ट्रान्सफर प्रायसिंगची, म्हणजे आपल्याच उपकंपनीशी होणाऱ्या व्यवहारांच्या भावांची, फाइल दरवर्षी मीच करतो म्हणून बोलतो. भाव 'आपणच ठरवायचा' इतकं मोकळं रान नाही. दोन परक्या कंपन्यांमध्ये जो भाव झाला असता तोच धरायचा, असं ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेचं तत्त्व आहे आणि बहुतेक देशांच्या कायद्यात ते आहे. अधिकारी विचारतात, 'असा भाग बाहेर कितीला मिळतो?' आणि गंमत अशी की ज्या खास भागासाठी कंपनी स्वतःचा कारखाना काढते, तो बाहेर मिळतच नसतो. मग तुलना करायची कशाशी? तिथे वाव आहे, नाही म्हणत नाही. पेटंट आणि ब्रँडच्या रॉयल्टीत तर भरपूर. म्हणूनच मोठ्या समूहांसाठी किमान १५ टक्के कराचा नियम आणला.

पण कर वाचवायला लागते ती कागदावरची कंपनी. पाचशे माणसं आणि प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणारा कारखाना, लागत नाही. ताईंचा प्रश्न प्रेस शॉपचा आहे.

शून्यप्रहर:
रॉयल्टीचं मान्य केलंत, तेवढं पुरे. इथवर आलोच आहे तर आणखी एक. बाहेरून घेण्याचं मोठं कारण जबाबदारी झटकणं. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळली, १,१३४ माणसं गेली. त्या इमारतीत पाश्चात्त्य ब्रँडचे कपडे शिवले जायचे. आणि त्यातल्या काही ब्रँडचं उत्तर काय? आमचं काम तिथे अधिकृतपणे दिलेलंच नव्हतं, सब-काँट्रॅक्ट झालं असेल.

रिकामटेकडी:
यात मात्र मी शून्यप्रहर यांच्या बाजूने. फक्त एवढं की झटकलेली जबाबदारी परत येऊन चिकटली. त्यानंतर कितीतरी ब्रँडना आगीच्या आणि इमारतींच्या सुरक्षेच्या बंधनकारक करारावर सह्या कराव्या लागल्या. कारखाना आपला नाही, तपासणी मात्र आपली.

कावेबाज_ससा:
खुर्ची टाकून वाचत होतो, आता राहवत नाही. चोरीबद्दल कोणीच बोललं नाही!

आम्ही एक छोटं उपकरण बाहेर बनवून घ्यायचो. दोन शिफ्ट आमच्या. तिसरी शिफ्ट कोणाची, हे एका प्रदर्शनात कळलं. शेजारच्या स्टॉलवर आमचंच उपकरण, रंग वेगळा, स्क्रू आमचेच. तेव्हापासून सर्किट बोर्ड एकाकडे, आवरण दुसऱ्याकडे, आणि सॉफ्टवेअर भरणं स्वतःच्या छोट्या युनिटमध्ये. अख्खी वस्तू कोणा एकाला माहीत नाही. ज्ञान निसटायची भीती असली की कंपन्या नगामागे खर्च बघत नाहीत, दाराला कुलूप बघतात.

खटपट्या:
सशाचा कावेबाजपणा कुठून आला ते कळलं.

मध्यमपदलोपी:
उलटी चूकही लिहून ठेवतो, अवांतर वाटलं तरी. बोइंगने ७८७ विमान बनवताना विमानाचे मोठमोठे भाग, रचनेसकट, बाहेरच्यांवर सोपवले. पहिलं विमान २००८ मध्ये द्यायचं होतं, दिलं सप्टेंबर २०११ मध्ये. मधल्या काळात, २००९ मध्ये, मागचा धड-भाग बनवणाऱ्या पुरवठादाराचा साउथ कॅरोलायनातला कारखाना बोइंगला विकत घ्यावा लागला. आणि अमेरिकेतल्याच विचिटाचा स्वतःचा कारखाना २००५ मध्ये विकला होता, त्याची स्पिरिट एरोसिस्टिम्स झाली. ती परत विकत घ्यायचा करार २०२४ मध्ये केला.

शून्यप्रहर:
त्याच वर्षी जानेवारीत उडत्या ७३७ मॅक्सचा दारासारखा तुकडा निखळला होता. धड स्पिरिटचं. झालं ना सिद्ध, बाहेरचं काम ते बाहेरचं.

मध्यमपदलोपी:
नाही झालं! धडावरचे रिव्हेट खराब होते, ते स्पिरिटकडचे. ते दुरुस्त करायला तो तुकडा उघडला बोइंगच्या स्वतःच्या रेंटनच्या कारखान्यात, आणि परत बसवताना चार बोल्ट राहिले. त्या घोळात आपला कोण नि परका कोण, सांगा.

जुना_स्टोअरकीपर:
हँडओव्हरला सही कोणाची, हे ठरलेलं नसलं की असंच होतं. एका छपराखाली असलात तरी.

गणकयंत्र:
मला वाटतं 'आपलं की परक्याचं' हा शेवटी हो-नाहीचा प्रश्नच नाही. ॲपल आयफोन फॉक्सकॉनसारख्यांकडून जोडून घेते, पण त्या शेडमधली बरीचशी खास यंत्रं आणि टूलिंग (साचे, अवजारं) ॲपलच्या मालकीची असतात. शेड त्यांची, माणसं त्यांची, यंत्र आमचं. टोयोटाचं तिसरंच. आयसिन ही वेगळी कंपनी, पण तिच्यात टोयोटाचे शेअर. फेब्रुवारी १९९७ मध्ये आयसिनच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनायचा, टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. मग इतर पुरवठादारांनी, त्यांतल्या काहींनी असला व्हॉल्व्ह कधी बनवलाच नव्हता, आपापल्या मशिनवर तो काढून दिला आणि आठवडाभरात गाडी रुळावर आली. कुठल्याही करारात हे लिहिलेलं नव्हतं.

आणि फीन्स्ट्रा-हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी चीनमधल्या निर्यात कारखान्यांचा अभ्यास केला त्यात सर्वांत जास्त दिसलेली पद्धत कोणती? कारखान्याची मालकी परदेशी कंपनीची, पण कच्चा माल कुठून घ्यायचा ते ठरवणार चिनी मॅनेजर. मालकी एकाकडे, चाव्या दुसऱ्याकडे.

कावेबाज_ससा:
शिवाय आज घेतलेला निर्णय कायमचा नसतो. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये कागदी कामासाठी स्वतःचं युनिट काढलं, डब्ल्यूएनएस. २००२ मध्ये त्यातला मोठा हिस्सा विकून टाकला. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) १९९७ मध्ये काढलेलं युनिट २००४ मध्ये ६० टक्के विकलं, तेच पुढे जेनपॅक्ट. घरी शिकवून तयार केलं आणि मग धंद्याला बाहेर पाठवलं.

मध्यमपदलोपी:
एक राहिलंच. निळी_शाई, तुमची कंपनी केवढी आहे? आंत्रास आणि हेल्पमन यांचा २००४ चा लेख सांगतो की परदेशात स्वतःचा कारखाना टाकण्याचा स्थिर खर्च (माल कितीही बनवा, करावाच लागतो तो) मोठा असतो. तो सगळ्यांत तगड्या कंपन्यांनाच झेपतो. त्याच धंद्यातल्या मधल्या ताकदीच्या कंपन्या परदेशातून विकत घेतात. मोठ्या स्पर्धकाने कारखाना टाकला म्हणून आपणही टाकावा, यात अर्थ नसतो.

निळी_शाई:
बाप रे, दोन दिवस आले नाही तर केवढं लिहिलंत! सगळ्यांचे आभार.

मध्यमपदलोपी, आम्ही मधल्या म्हणाव्या अशा. आणि हो, वरच्या साहेबांच्या बोलण्यात 'ते सुद्धा टाकतायत' हे वाक्य तीनदा आलं.

तुमचे प्रतिसाद वाचून काल फायली काढल्या. टूलिंगचे पैसे आम्ही दिलेत, पण ते आमच्या नावावर असल्याचा कागद सापडत नाही. त्या भागासाठी दुसरा मंजूर पुरवठादार नाही. आणि गेल्या सहा वर्षांत त्या भागात चार सुधारणा झाल्या, त्यातल्या तीन त्या पुरवठादाराने स्वतःहून सुचवलेल्या. आमच्या डिझाइनची एक. ती एक नंतर मागे घेतली.

रिकामटेकडी:
मग त्याला विकत घेऊ नका आणि त्याच्या दारात स्पर्धक कारखानाही टाकू नका. तुमचा फोरमन तोच आहे.

शून्यप्रहर:
आणि त्याने उद्या नाक दाबलं तर? तीन सुधारणा करणाराच जास्त दाबतो. तो हुशार आहे.

जुना_स्टोअरकीपर:
आधी तो टूलिंगचा कागद करा, ताई. बाकी थिअरी नंतर. प्रत्येक साच्यावर तुमच्या कंपनीच्या नावाची पट्टी ठोकून तिचा फोटो मागवा. आणि त्याच्याकडे तुमच्यासाठीच घेतलेलं एखादं मशिन आहे का, तेही विचारा. असेल तर नगांची किमान हमी द्या. आम्ही दिली नव्हती.

निळी_शाई:
विचारते, काका.

(दोन महिन्यांनंतर)

आडनाव_नाही:
धागा वर काढतोय. पुढे काय झालं? आमच्याकडेही हेच दोन कॉलम सुरू झालेत.

निळी_शाई:
कारखाना बारगळला. टूलिंगचा करार झाला, पट्ट्यांचे फोटो आलेत. मशिनबद्दल काका बरोबर निघाले. त्याने आमच्यासाठी दोन घेतली होती, एकाचे हप्ते अजून चालू आहेत. किमान हमीवर आमच्या फायनान्सने खूप खळखळ केली, शेवटी एका वर्षाची दिली. त्याने तीन मागितली होती. आणि दुसऱ्या एका पुरवठादाराचे नमुने मंजुरीत आहेत.

खटपट्या:
तो दुसरा स्वस्त आहे ना?

निळी_शाई:
नाही. महाग आहे.

खटपट्या:
अरे देवा.